चित्रकथीच्या भिंती आणि 18,000 ची खोली

झारापकर:
वेंगुर्ल्याजवळच्या एका इको-रिसॉर्टवर राहून आलेल्यांनी काल लिहिलंय, "जांभ्या चिऱ्याच्या भिंती, त्यावर चित्रकथी, खोलीत गंजिफाचे रंगवलेले पत्ते, रात्री दशावताराचं नाटक. लोककला जगवायच्या तर हाच मार्ग." कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाने चित्रकथी देवळांतून जगवली, एकेक चित्र पुढे धरून गोष्ट गात. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, 2021 ला पद्मश्री मिळाली. रिसॉर्टने पोथीतलं चित्र मोठं करून छापलं. चित्रकाराचं नाव कुठेच नाही. रात्रीचे 18,000 घेता, त्यातले त्याला किती?

चितारआळी:
आमच्या घरात लाखकाम, म्हणजे लाकडी फळं-खेळणी लाखेने रंगवणं, चालत आलंय. प्लास्टिकची फळं बाजारात आली तेव्हा आमच्यासाठी कुणी असं तावातावाने लिहिलं नाही. एका हॉटेलने दिवे आणि वाट्या मागवल्या, आगाऊ पैसे दिले, त्यावर भावाने नवा लेथ घेतला. गंजिफाही सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी हात दिला म्हणून टिकली. दशावतारी गंजिफाची 120 पानं हाताने रंगवायची. तो संच जत्रेत कोण घेणार? पैसेवालंच गिऱ्हाईक लागतं.

सड्यावरचा:
कला राहू दे बाजूला. चिरा येतो कुठून? आमच्या वाडीच्या वर खाण पडली आणि मार्चमध्येच विहीर तळाला गेली. खड्डा तसाच उघडा, पावसात तुडुंब भरतो, गुरं पडतात. तोच चिरा लावून "निसर्गस्नेही" म्हणायचं?

कुडाळ तिठा:
मग सिमेंटने बांधायचं? तुमचं घर कशाचं आहे? आणि खाणीला जमीन दिली कुणी? मुंबईत बसलेल्या चाकरमान्यांनीच ना!

सड्यावरचा:
तुमका काय जाता सांगूक! सातबाऱ्यावर सगळ्या चुलत्यांची नावं. वडील एकटे नको म्हणत राहिले, गावात राहणाऱ्या काकांनीच आधी सही केली. चाकरमान्यांवर ढकलू नका.

कुडाळ तिठा:
बरं, सगळ्यांना एका मापाने मोजलं, ते मागे घेतो. पण 1997 ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तरी आमची पोरं गोव्यातच कामाला जातात. इथे रिसॉर्ट आलं की सगळे विरोधात. माझी भाची तिथे रिसेप्शनला आहे, संध्याकाळी घरी जेवायला येते. ह्याची किंमत तुम्हाला कळत नाही.

झारापकर:
भाचीची नोकरी आणि आगाऊ पैसे, दोन्ही मान्य करावं लागतं. दशावताराचं मात्र मान्य नाही. तो रात्रभर चालतो, पहाटे दहीकाला होतो. जेवणाच्या टेबलांमध्ये अर्ध्या तासात राक्षस मारून उरकायचा? मंडळी नाइलाजाने जातात. पूर्ण रात्रीची बिदागी द्या, खेळ गावात ठेवा, पाहुण्यांना तिथे आणा.

चितारआळी:
अर्ध्या तासाचे पैसे नको की हो, हे मंडळींना विचारलंत? नाव लावा, दर कलाकाराला ठरवू द्या, इथपर्यंत तुमच्यासोबत. त्यापुढे नाही.

सड्यावरचा:
विहिरीचं कुणीच बोललं नाही. रिसॉर्टला तरणतलाव आहे, बोअरवेल किती खोल मारलीय ते ग्रामसभेत विचारणार आहे. येणार असाल तर या.