स्नेहमेळाव्याला गर्दी, सेवाकार्याला मात्र तीच चार माणसे: क्लबने काय करावे?

अनवट (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी एका सेवाभावी क्लबचा यंदाचा सचिव आहे. आमच्या क्लबच्या सभा ठरल्या दिवशी होतात, वर्गणी सहसा थकत नाही आणि कौटुंबिक स्नेहमेळावा असला की सभागृहात खुर्च्या कमी पडतात. सेवाकार्याचा दिवस उजाडला की मात्र तीच चार-पाच माणसे बाह्या सरसावून उभी राहतात. इतरांपैकी काही जण उद्घाटनापुरते येतात, छायाचित्रात उभे राहतात आणि निघून जातात.

अलीकडच्या नेत्रतपासणी शिबिराचेच पाहा. तपासणीच्या दिवशी निदान नोंदणीच्या टेबलावर बसायला माणसे मिळाली. चष्मे तयार होऊन आले, तेव्हा मात्र नावांची यादी आणि खोकी दोन भगिनींच्या गळ्यात पडली. कोणाचा दूरध्वनी क्रमांक चुकीचा लिहिलेला, कोणाच्या नावापुढे फक्त आडनाव, तर एकाच घरातल्या दोघांच्या चष्म्यांची अदलाबदल झालेली. हे सगळे निस्तरण्यात त्या दोघींचे कित्येक दिवस गेले आणि पुढच्या उपक्रमात त्या येणार नाहीत हे त्यांनी शांतपणे सांगून टाकले.

कार्यकारिणीत यावर दोन तट पडले आहेत. सेवाकार्यातील हजेरी सक्तीची करावी आणि वर्षभरात ठरावीक तास न देणाऱ्यांचे सभासदत्व काढून घ्यावे, असे एका बाजूचे म्हणणे आहे. दुसऱ्या बाजूला वाटते की माणसे मुळात मैत्रीसाठी येतात. सक्ती केली तर आहेत तीही जातील. अशा क्लबात काम केलेल्यांनी आपला अनुभव सांगावा ही विनंती.

जुना कार्यकर्ता

आपल्या कार्यकारिणीतील वाद नवा नाही. अशा क्लबांच्या जन्मापासून तो चालत आला आहे. शिकागोमध्ये १९०५ साली पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांसह रोटरीची सुरुवात केली, तेव्हा मोठ्या शहरात हरवलेली ओळखदेख आणि एकमेकांच्या व्यवसायाला हातभार एवढाच हेतू होता. सभा आळीपाळीने सभासदांच्या कार्यालयांत भरत आणि त्यावरूनच नाव पडले. शहरातील सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी पाठपुरावा करण्यासारखी कामे त्यानंतर आली. लायन्सची घडण थोडी वेगळी आहे. मेल्विन जोन्स हे विमा व्यावसायिक, तेही शिकागोच्याच एका व्यापारी मंडळात होते. पण १९१७ मध्ये संघटना उभी राहिली तेव्हाच, सभासदांचा आर्थिक लाभ हे कोणत्याही क्लबचे उद्दिष्ट असणार नाही, असे तिने ठरवून टाकले.

रोटरीत स्नेह आणि सेवा यांच्यातील ही ओढाताण इतकी वाढली की १९२३ च्या सेंट लुईस अधिवेशनात त्यावर स्वतंत्र ठराव करावा लागला. ‘ठराव २३-३४’ या नावाने तो ओळखला जातो. त्यातील एक मुद्दा आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो: क्लबने केवळ सामूहिक बळावर उरकण्याच्या कामांपेक्षा ज्यात प्रत्येक सभासदाचे वैयक्तिक श्रम लागतात अशी कामे पसंत करावीत, कारण क्लबचे उपक्रम ही सभासदांना सेवेचे वळण लावणारी प्रयोगशाळा आहे. म्हणजे पन्नास जणांनी वर्गणी काढायची आणि पाच जणांनी राबायचे, हा प्रकार शंभर वर्षांपूर्वीही समाधानकारक मानला गेला नव्हता. स्वतःच्या प्रसिद्धीसाठी काम निवडू नये, हेही त्यात आहे. उद्घाटनापुरत्या येणाऱ्यांना तो परिच्छेद कोणी वाचून दाखवावा, हा प्रश्न मी आपल्यावर सोडतो.

सक्तीबद्दल एवढेच सांगतो की प्रवाह उलट दिशेने वाहतो आहे. साप्ताहिक सभा आणि हजेरीचे काटेकोर नियम ही रोटरीची जुनी ओळख. पण २०१६ मध्ये नियम शिथिल करून क्लबांना महिन्यातून किमान दोन सभा घेण्याची मुभा देण्यात आली.

मोजपट्टी

इतिहास बाजूला ठेवून कामाच्या रचनेकडे पाहू या. ‘सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे’ अशी सूचना काढली की कोणीच येत नाही, याला कारण आहे. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान याने दोर ओढण्याच्या प्रयोगांतून १९१३ मध्ये दाखवून दिले की गटातील माणसे वाढली की दर माणशी लावला जाणारा जोर घटतो. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांतही हेच पाहिले. आपला वाटा कोणाला वेगळा दिसणार नाही, असे वाटले की हात आपोआप सैल पडतो. त्यात लबाडी असतेच असे नाही.

म्हणून आवाहन करणे सोडून द्यावे आणि काम नावानिशी वाटावे. नेत्रशिबिराचेच घेऊ. नोंदणी करणाऱ्याने नाव, वय आणि दूरध्वनी क्रमांक लिहून तो समोरच्याला परत वाचून दाखवायचा, एवढे एकच काम एका जोडीकडे. त्याच टेबलावर प्रत्येकाला अनुक्रमांकाची चिठ्ठी द्यायची आणि चष्म्याच्या पाकिटावर तोच अनुक्रमांक टाकायचा, म्हणजे आडनावांचा घोळ आणि घरातल्या घरातली अदलाबदल दोन्ही टळतात. चष्मे वाटण्याची जबाबदारी तर शिबिराची तारीख ठरण्याआधी द्यायला हवी. ती घेणारे चार जण मिळत नसतील, तर शिबिर पुढे ढकलावे. हे ऐकायला कठोर वाटेल, पण वाटप न झालेल्या चष्म्यांनी भरलेले खोके म्हणजे केवळ उरकलेला समारंभ आहे.

दुसरे असे की वर्षातून एकदा प्रचंड काही करण्याचा सोस कमी करावा. रक्तदानाचे उदाहरण घ्या: साठवलेल्या तांबड्या पेशी साधारण पाच-सहा आठवडे टिकतात आणि प्लेटलेट्स तर पाच-सात दिवसच. वर्धापनदिनी एकदम शेकडो पिशव्या जमवल्या तर बातमी मोठी होते, रक्तपेढीची गरज मात्र बाराही महिने असते. रक्तपेढीशी बोलून वर्षभर विखुरलेली छोटी शिबिरे ठेवली, तर प्रत्येक वेळी पाच-सहा कार्यकर्ते पुरतात, आणि ते दर वेळी वेगळे असू शकतात. आपल्या साठ-सत्तर सभासदांची (अंदाजाने म्हणतो) त्यात सहज वाटणी होईल.

सावली

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बरीचशी सहमत आहे. तरी एक गोष्ट खटकते. आपण सगळेच स्नेहमेळाव्याला सेवेच्या वाटेतला अडथळा समजून बोलत आहोत. एखादा सभासद आजारी पडला असता त्याच्या घरी जाणे, कोणाचा जोडीदार गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी, जेव्हा येणे-जाणे थांबलेले असते, तेव्हा त्याला आठवणीने सभेला घेऊन येणे, हे कोणत्या अहवालात मोजणार? लहान मूल असलेली सभासद दोन वर्षे केवळ सभेलाच येऊ शकत असेल तर तिला तासांचा हिशेब विचारू नये. त्या दोन वर्षांत तिला धरून ठेवणारी गोष्ट मैत्रीच असते.

मात्र मैत्रीचा एक दोष मान्य करायला हवा, तो असा की तिचे कोंडाळे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाल देईपर्यंत रोटरीचे सभासदत्व पुरुषांपुरतेच होते आणि संघटनेच्या घटनेतील ती अट निघाली १९८९ मध्ये. आपुलकीच्या नावाखाली दार किती काळ लावून घेता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही. आज ती अट नाही, पण नवा सभासद सभेत शेवटच्या रांगेत एकटा बसतो आणि जुने लोक आपापल्या ठरलेल्या खुर्च्यांवर. जोड्या लावताना एक जुना आणि एक नवा अशा लावाव्यात. दोन तास एका टेबलावर नोंदणी केली की जी ओळख होते, ती दहा मेळाव्यांत होत नाही. त्यामुळे आपल्या कार्यकारिणीतील दोन तटांचे भांडण मला काहीसे कृत्रिम वाटते.

अनवट (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. अनुक्रमांकाच्या चिठ्ठीची सूचना आजच टिपून ठेवली आहे, आणि सक्तीचा प्रस्ताव मी मागे घ्यायला सांगणार आहे. आणखी दोन अडचणी आहेत. आमचे बरेच सभासद वयाने ज्येष्ठ आहेत. त्यांना उभे राहण्याची, ओझी उचलण्याची कामे जमत नाहीत आणि त्यामुळे ते संकोचाने मागे राहतात. शिवाय पदाधिकारी दरवर्षी बदलतात, आणि नव्या अध्यक्षांना मागच्या वर्षीचा उपक्रम पुढे नेण्यापेक्षा स्वतःचा नवा उपक्रम हवा असतो.

मोजपट्टी

ज्येष्ठांसाठी दूरध्वनीचे काम राखून ठेवा. चष्मा मिळाला का, तो लावल्यावर नीट दिसते का, डोके दुखते का, डॉक्टरांनी पुन्हा बोलावले होते तर गेलात का, हे विचारायला सवड आणि गोड बोलणे लागते, आणि दोन्ही त्यांच्याकडे तरुणांपेक्षा अधिक असते. प्रत्येकाला आठ-दहा नावांचा कागद द्यावा. सबंध यादी कोणाच्याही हाती देऊ नये, कारण तीत लोकांची खासगी माहिती असते.

अध्यक्ष बदलण्यावरचा उपाय म्हणजे उपक्रमाचा प्रमुख आणि अध्यक्ष यांची मुदत वेगवेगळी ठेवणे. प्रमुखाची नेमणूक तीन वर्षांसाठी करावी, दुसऱ्या वर्षापासून त्याच्या हाताखाली पुढचा प्रमुख तयार व्हावा आणि हे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात ठरावाच्या रूपाने नोंदवावे. नव्या अध्यक्षांना त्यांचा एक उपक्रम जरूर करू द्या. फक्त चालू असलेला बंद करायचा असेल तर तो ठराव पुन्हा सभेपुढे आणावा लागेल, अशी तरतूद त्यातच करून घ्या.

सावली

आणि त्या दोन भगिनींना पुढच्या शिबिराचे निमंत्रण पाठवण्याआधी कार्यकारिणीतील कोणीतरी प्रत्यक्ष भेटून यावे. काम मागायला नव्हे; चष्म्यांच्या वाटपात नेमके काय काय अडले, ते त्यांच्याकडून लिहून घ्यायला. ती माहिती सध्या फक्त त्यांच्याकडेच आहे.