चंद्रावरून येणारा 1 वॅटचा सिग्नल गच्चीवरच्या यागीवर मिळेल का?

सॅटवेडा_नाशिक
नमस्कार मंडळी. जानेवारी 2024 ला जपानच्या स्लिम यानाबरोबर तो 2 किलोचा उड्या मारणारा लेव्ह-1 चंद्रावर उतरला ना, तो हॅम बँडवर (हौशी रेडिओवाल्यांच्या फ्रिक्वेन्सीवर) 437.410 मेगाहर्ट्झला मोर्स पाठवत होता, कॉलसाइन जेएस1वायएमजी, पॉवर फक्त 1 वॅट! आपल्याकडे तेव्हा रात्रीचे 8:50 झालेले आणि चंद्र जवळजवळ डोक्यावर, म्हणजे ऐकायला याहून चांगली वेळ नाही. माझ्याकडे 70 सेंटिमीटर बँडची यागी (काड्यांची अँटेना) आणि आरटीएल डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) आहे, जवळचे सॅटेलाइट व्यवस्थित येतात. पण 3 लाख 84 हजार किमी?? पुढे असं काही परत गेलं तर मला काही दिसेल का, की मोठी डिशच हवी?

डेसिबल_काका
डिश नको, आधी गणित बघ. या फ्रिक्वेन्सीला एवढ्या अंतरात साधारण 197 डीबी (डेसिबल) लॉस होतो. 1 वॅट म्हणजे 30 डीबीएम (1 मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल), तुझी लांब यागी 15 डीबीची धरली तर हातात येतात उणे 152. तिकडून गोल पोलरायझेशन आणि तुझी यागी आडवी असेल तर अजून 3 गेले. आता नॉइज, सिस्टिमचं नॉइज तापमान 150 केल्विन असेल तर 1 हर्ट्झमध्ये उणे 177 च्या आसपास. म्हणजे 50 हर्ट्झच्या फिल्टरमध्ये सिग्नल साधारण 5 डीबी वर, पण नेहमीच्या अडीच किलोहर्ट्झमध्ये 12 डीबी खाली, स्पीकरवर नुसती खरखर. सगळा खेळ बँडविड्थचा आहे, वॉटरफॉल (स्क्रीनवरचा सरकता फ्रिक्वेन्सीचा आलेख) झूम करून बसायचं, रेघ तिथेच दिसते.

मूनबाउन्स_पुणे
काकांचं बरोबर, फक्त ते 150 केल्विन शहरात विसरा. एलईडी, इन्व्हर्टर, शेजाऱ्यांचे चार्जर, सगळं त्याच बँडमध्ये ओरडतं. प्रीअँप (कमजोर सिग्नल वाढवणारा) अँटेनापाशीच लाव, खाली डोंगलजवळ लावलास तर केबलने खाल्लेलं परत येत नाही. डॉपलरचं (हालचालीमुळे फ्रिक्वेन्सी सरकण्याचं) टेन्शन नको, इथून चंद्र उगवताना साधारण 600 हर्ट्झ वर आणि मावळताना तेवढाच खाली, जवळच्या सॅटेलाइटला दहा किलोहर्ट्झपर्यंत सरकतो त्यामानाने काहीच नाही. पण डोंगल स्वतः सरकत असेल तर बारीक रेघ पुसट होते म्हणून टीसीएक्सओवालाच (तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा) घे. आणि रोव्हरची वाट कशाला बघतोस, 432 मेगाहर्ट्झला मूनबाउन्सवाले (चंद्रावर सिग्नल आपटवून बोलणारे) असतात, मोठ्या स्टेशनांचे क्यू65 (कमजोर सिग्नलसाठीचा डिजिटल मोड) सिग्नल एका यागीवर डिकोड होतात, आधी ते जमव.

सॅटवेडा_नाशिक
वा, एवढं सविस्तर! मग चंद्राकडचे सिग्नल ऐकायला ते डच लोक 25 मीटरची डिश का वापरत होते?

डेसिबल_काका
ड्विंगेलोची रेडिओ दुर्बीण ना? ते चीनच्या लाँगजिआंग-2 साठी, तो चंद्राभोवती फिरत होता, 2018 ला गेलेला आणि 31 जुलै 2019 ला चंद्रावर आपटवला. त्यांना त्याचे फोटो उतरवायचे होते, डेटा जास्त म्हणून डिश. चंद्राची मागची बाजू आणि पृथ्वी एकत्र असलेला फोटो हॅम बँडवरून आलाय रे, अजूनही बघताना अंगावर काटा येतो. त्याच यानाचे जेटी4जी (हाही कमजोर सिग्नलचा डिजिटल मोड) सिग्नल मात्र यागीवाल्यांनीही पकडले होते. तू आधी प्रीअँप कुठलाय ते सांग.