मदत हवी आहे: बोक्याने लोकर खाल्ली, आईने विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर अडकला (नाशिक)

नमस्कार मंडळी,

प्रश्न तीन आहेत, पण एकमेकांत इतके गुंतलेत की वेगवेगळे धागे काढून उपयोग नाही. लांबलंय, तरी कृपया शेवटपर्यंत वाचा.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरला राहतो. घरात आई, बाबा, मी आणि दोन मांजरं. मनुका चार वर्षांची, काळीभोर, शांत. बेदाणा सव्वा वर्षाचा बोका, रंग नावाप्रमाणेच. गेल्या वर्षी जुलैत आमच्या पार्किंगमध्ये सापडला तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांचा होता, आई कुठेच दिसली नाही. मी त्याला पिल्लांचं दूध ड्रॉपरने पाजून वाढवलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध असावा असं मला वाटतं.

माझी आई आयुष्यभर विणत आली आणि वाचत आली, आणि तेही एकाच वेळी. समोर पोथीचं लाकडी घडीचं स्टँड, त्यावर कादंबरी, पानांना कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. लोकरीचा गुंडा छोट्या कापडी पिशवीत, पिशवी डाव्या मनगटात. सुयांकडे तिचं लक्षच नसायचं. डाव्या पानाला सुलट सुई (म्हणजे विणकामाची एक ओळ), उजव्या पानाला उलट सुई, असा हिशेब. "एकशेवीस पानं झाली, बाही काखेशी आली," असं ती खरंच म्हणायची, आणि बाही खरंच काखेशी आलेली असायची. सार्वजनिक वाचनालयाची, म्हणजे आमच्या सावानाची, ती लग्न होऊन नाशिकला आली त्या वर्षापासून सभासद आहे. वाचनालय १८४० सालचं, आणि तिथल्या कादंबऱ्यांच्या कपाटापुढे आईला वेळेचं भान राहायचं नाही. आता पुस्तकं मी आणून देते.

गेल्या हिवाळ्यात तिने बाबांसाठी स्वेटर विणायला घेतला. बाबा ८२ वर्षांचे आहेत आणि रोज पहाटे गोल्फ क्लब मैदानावर फिरायला जातात. इथली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. निफाडचा पारा दरवर्षी बातम्यांत असतो आणि पहाटे नाशिकही काही फार मागे नसतं. जुन्या स्वेटरचे कोपरे विरलेत. आईने पाठ, पुढचा भाग आणि उजवी बाही पूर्ण केली, आणि मग संधिवाताने तिची बोटं धरली. सुई पकडली की अंगठ्याच्या मुळाशी कळ जाते. डावी बाही मी विणतेय. लोकर शेवाळी रंगाची, निव्वळ लोकर, पाच वर्षांपूर्वी कुलूहून आणलेली. ती पुन्हा मिळणार नाही.

आता मागच्या मंगळवारची गोष्ट. रात्री बाहीच्या सहा सुया विणल्या, पुस्तकातलं प्रकरण संपवायचं होतं म्हणून विणकाम खुर्चीवर ठेवलं आणि दिवाणावर आडवी झाले. सकाळी उठले तर गुंडा सोफ्याखाली. एक टोक ओलं, चावून पिंजलेलं, आणि बाजूला बेदाण्याची उलटी. त्या उलटीत बोटभर शेवाळी धागा होता. बाकीचा कुठे गेला ते कळेना. बेदाण्याने नाश्त्याला तोंड लावलं नाही, कपाटामागे जाऊन बसला.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिली गोष्ट बजावली ती अशी: तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे धागा एकदा जिभेवर आला की मांजराला तो थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकलं, आणि आतडं दुसरं टोक पुढे ढकलत राहिलं, तर नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडतात तशा आतड्याला पडतात. ताणलेला धागा आतडं कापूही शकतो. आपण बाहेरून ओढला तर तेच काम आपण करतो. लोकर एक्स-रेत दिसत नाही, पण आतड्याच्या चुण्या दिसू शकतात, म्हणून आधी एक्स-रे आणि मग सोनोग्राफी केली. आमचं नशीब चांगलं. चुण्या नव्हत्या. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगून घरी पाठवलं, आणि गुरुवारी सकाळी शीच्या ट्रेमध्ये उरलेला धागा आपोआप पडला. मी तो धुऊन मोजला, सव्वा हात भरला. ते दोन दिवस मी एक पान वाचलं नाही आणि एक टाका घातला नाही.

आता माझे प्रश्न.

पहिला बेदाण्याचा. ही नुसती मस्ती नाही. रात्री माझ्या शालीवर येऊन तो पुढच्या पंजांनी कणीक मळल्यासारखं करतो आणि लोकर चोखतो. चोखता चोखता चावतो. अॅक्रिलिकच्या शालीकडे ढुंकूनही बघत नाही, निव्वळ लोकरच हवी असते. आईपासून फार लवकर तुटलेल्या पिल्लांना ही सवय लागते असं डॉक्टर म्हणाले. कुणाच्या मांजराची सुटली आहे का? कशी?

दुसरा स्वेटरचा. चावलेली, लाळेने माखलेली लोकर मी टाकून दिली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं: आईची पूर्ण बाही ७४ ग्रॅम, माझी झालेली बाही ३८, उरलेली चांगली लोकर २४. म्हणजे १२ ग्रॅम कमी.

आणि तिसरा, जो मला सगळ्यात जास्त खुपतोय. माझी बाही आईच्या बाहीसारखी दिसत नाही. चार इंचांत आईचे २४ टाके बसतात, माझे २२. तिच्याच नऊ नंबरच्या सुया, तीच लोकर, तितकेच टाके, तरी माझी बाही ढगळ. बाबांना फरक कळणार नाही. आईला कळतो. ती बोलत नाही, नुसता बाहीवरून हात फिरवते.

– शेवाळी

प्रतिसाद: दोनसुया

शेवाळीताई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, आधी ते घ्या. तुमचा हात सैल आहे, त्यात चूक काहीच नाही. दहा नंबरच्या सुया घ्या. आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: आठ नंबर ४ मिलिमीटर, नऊ ३.७५, दहा ३.२५. मुद्दाम घट्ट विणायचा प्रयत्न करू नका. पाच सुया घट्ट येतील, पुस्तक रंगलं की हात परत मूळ पदावर जाईल आणि बाहीवर पट्टे दिसतील. आधी चार इंचांचा नमुना विणून टाके मोजा. २४ भरले तर झालेली बाही उसवून पुन्हा विणा. उसवलेली लोकर कुरळी होते, तिची लडी करून कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा आणि सावलीत वाळवा. सरळ होते.

प्रतिसाद: उन्हाळी

लोकरीच्या पिशवीत डांबरगोळ्या टाका, मांजर जवळ येणार नाही. नाहीतर निलगिरीचं तेल शिंपडा.

शेवाळी

उन्हाळी, आभार, पण कृपया हे कुणीही करू नका. डांबरगोळ्यांतलं नॅफ्थलीन मांजरांना विषारी असतं आणि निलगिरीचं तेलही त्यांना बाधतं. अंगाला लागलं की मांजर चाटतं, म्हणजे पोटात जातंच. आमच्याकडे लोकरीत वाळलेला कडुनिंबाचा पाला असतो, आईची पद्धत. कसर लागत नाही. बेदाण्याला मात्र त्याने काही फरक पडत नाही.

प्रतिसाद: तीनमांजरी

माझ्या मांजरीला हीच सवय होती. पूर्ण सुटली असं म्हणणार नाही, पण खूप कमी झाली. तीन गोष्टी केल्या. एक, निव्वळ लोकरीचं काहीही तिच्या हाती लागू दिलं नाही, शालसुद्धा कपाटात. दोन, विणायला बसण्याआधी वीस मिनिटं तिला पळवायचं, काडीला बांधलेलं पीस घेऊन, ती धापा टाकेपर्यंत, आणि लगेच जेवण. शिकार झाली, पोट भरलं, अंग चाटून झालं की मांजर झोपतं. ते त्यांच्या अंगातच असतं. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त उड्या मारतात, त्यामुळे तुम्ही विणायची वेळ साडेआठनंतर ठेवा. पीस खेळून झालं की काडीसकट आत ठेवायचं, दोराही गिळतात. तीन, चोखायला लागली की ओरडायचं नाही, उचलून घ्यायचं आणि दुसरं काही चघळायला द्यायचं.

आणि गुंडा किटलीत ठेवा. चहाची झाकणवाली किटली, धागा तोटीतून बाहेर. मी चार वर्षं वापरतेय. गुंडा आत फिरतो, मांजराला दिसत नाही.

शेवाळी

तीनमांजरी, किटली फार आवडली! कालच भांडी बाजारातून अॅल्युमिनियमची आणली. बेदाणा तोटीत पंजा घालायचा प्रयत्न करून कंटाळला. पण तोटीपासून सुईपर्यंतचा धागा हलतो, त्यावर झडप पडतेच. मग आईने सांगितलं, "पिशवी मनगटात का अडकवत होते मी? धागा वीतभरच बाहेर राहतो." इतकी वर्षं मी समजत होते की ती तिची लकब आहे. लहानपणी आमच्याकडे मांजर होतं, ते मला आठवत नाही, पण तिला आठवतं. आता बसलेली असताना पिशवी मनगटात, उठताना सगळं किटलीत आणि किटली कपाटात. पुस्तकातली रेशमी खुणेची दोरीही कापून टाकली, वाचनालयाच्या नव्हे, घरच्या पुस्तकांतली. बेदाणा ती पण चघळत होता. वाचनालयाच्या पुस्तकांना मी खाकी कव्हर घालून दोरी आत दुमडते.

दोनसुया, दहा नंबरवर नमुना विणला. चोवीस भरले! पण लोकर कमीच आहे ना. तिचं काय करू?

प्रतिसाद: दोनसुया

मनगटपट्ट्या आणि गळपट्टी दुसऱ्या रंगात करा. एका पट्टीचं वजन साधारण किती भरेल?

शेवाळी

साधारण नऊ ग्रॅम.

प्रतिसाद: दोनसुया

मग हिशेब बघा. पट्टी सोडून बाहीला ६५ लागणार. तुमच्या ३८ मधून पट्टीचे ९ वजा केले तर बाहीचे २९, म्हणजे अजून ३६ हवेत. हाताशी २४, तुमची पट्टी सुटली की ९, एकूण ३३. तीन ग्रॅम कमी. पण दोन्ही पट्ट्या एकाच रंगाच्या हव्यात, म्हणजे आईंच्या बाहीची पट्टीही जाणारच, तिचे ९ धरून ४२. सहा ग्रॅम उरतील.

तुमची बाही तर सगळीच उसवायची आहे, त्यामुळे ती नव्या रंगाच्या पट्टीपासूनच सुरू करा. आईंच्या बाहीत मात्र कात्री लावावी लागेल. बाही पट्टीपासून वर विणलेली असते, त्यामुळे खालून उसवता येत नाही. पट्टीच्या वरच्या सुईतला एकच टाका कापायचा, तो धागा ओळीभर हळूहळू काढायचा, पट्टी वेगळी होते. वर मोकळे झालेले टाके लगेच सुईवर घ्या आणि नव्या रंगाने खाली विणत जा. कापण्याआधी वरच्या ओळीतून सुईदोऱ्याने एक जाड सुती दोरा ओवून ठेवा, म्हणजे टाका गळला तरी तिथेच थांबेल.

शेवाळी

हे वाचून दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आईच्या हातचं विणलेलं मी कापायचं? ती बाही तिच्या हातची शेवटची असू शकते, हे आम्ही दोघींनी अजून मोठ्याने म्हटलेलं नाही. रात्री तिला वाचून दाखवलं. तिने पुस्तकातून डोकं वर केलं, "तीन ग्रॅम" एकदा परत विचारलं, आणि म्हणाली, "मग काप की. मीच दोरा ओवून देते, ओवायला अंगठा कुठे लागतो?"

आज दुपारी तिने ओवला. जाड सुई, पांढरा दोरा, एका ओळीत ६० टाके, पाऊण तास लागला. मनुका शेजारी बसून बघत होती, बेदाणा आतल्या खोलीत कोंडलेला. एकही टाका चुकला नाही. उद्या कात्री लावायची आहे, आणि ती बाबा फिरून आल्यावर लावायची असं आईचं म्हणणं आहे, त्यांनाही बघायचंय.

आता एकच विचारायचं राहिलं. मेनरोडला लोकर आणायला उद्या संध्याकाळी जातेय. शेवाळीला राखाडी चांगला दिसेल की काळपट जांभळा? बाबा म्हणतात काहीही चालेल. आई म्हणते जांभळा. मला राखाडी वाटतोय, पण खात्री नाही. ज्यांनी हे दोन रंग एकत्र विणलेत त्यांनी उद्या चारच्या आत सांगा.