खेळताना झालेली दुखापत : तुम्ही कसे सावरलात?

ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनच्या तयारीत येऊरच्या डोंगरउतारावर माझं पाऊल आत वळलं आणि घोट्याला बाहेरून लिंबाएवढी सूज आली. पाय उशीवर उंच, क्रेप बँडेज, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. शेजारच्या काकू तेल घेऊन आल्या होत्या, पण ताज्या दुखापतीला चोळलं की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. दुखणं लवकर थांबलं. त्या पायावर एकट्याने उभं राहिलं की मात्र अजून तोल जातो. तुमचे अनुभव सांगा.

कोपरखैरणे, कबड्डी
चढाईवरून परतताना पाय रोवलेला आणि अंग वळलं. आतून 'कट्' असा आवाज आला, रात्रीपर्यंत गुडघा टम्म. एक्स-रे बघून एका दवाखान्यात 'काही नाही' म्हणाले. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट (हाडांना हाडाशी बांधणारा पट्टा) नाही! सूज उतरली तरी जिना उतरताना गुडघा सटकायचा. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, तुटलेलं निघालं. ऑपरेशननंतर सर्जननी नऊ महिन्यांच्या आत मैदानाचं नाव काढू दिलं नाही. मांडीची ताकद दुसऱ्या पायाइतकी झाल्यावरच सोडलं. पोरांनो, घाई करू नका, कळकळीने सांगतोय.

खारघर
सेंट्रल पार्कला पळताना नडगी दुखायची. अंतर एकदम वाढवलं की होतं हे. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल तर पळणं कमी करून भागतं. बोट ठेवून एकच जागा दाखवता येत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसेलच असं नाही.

नेरूळ, क्रिकेटपटूची आई
मुलगा जलद गोलंदाज, वय तेरा. कंबर दुखते म्हणाला की 'वाढीचं वय' म्हणून सोडू नका. या वयात मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने बारीक तडा) होतं.

ठाणे, फिजिओथेरपिस्ट
घोट्यासाठी साधी खूण : चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड मागच्या कडेला दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढाच. विश्रांती-बर्फ-बँडेज-उंची हे सूत्र १९७८ मध्ये डॉ. गेब मर्किन यांनी मांडलं. पुढे त्यांनीच मत बदललं, कारण फार बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं लांबतं. बर्फ दुखणं कमी करण्यापुरताच. धागा सुरू करणाऱ्यांना : तोल जातोय म्हणजे पाय कसा टेकलाय ते मेंदूला कळवणारी लिगामेंटची जाणीव अजून परतलेली नाही. भिंतीजवळ एका पायावर उभं राहा, जमलं की डोळे मिटून. त्या पायावर न दुखता उड्या मारता येईपर्यंत उतारावर पळू नका.