राजीमधल्या बाहुल्या

राजी या व्हिडिओ गेमबद्दल इथे वर कोणीतरी म्हटलंय की तो फार लवकर संपतो आणि मारामारी तीच तीच वाटते, लवकर संपतो हे मलाही पटतं, पण मारामारीचं नाही, कारण गेमची नायिका राजी मुळात डोंबारीण आहे, ती खांबाला धरून गोल फिरते, भिंतीवर धावत जाऊन उलटी उडी मारते, नुसतं त्रिशूळ फिरवत बसलं तर कंटाळा येणारच, खांब आणि भिंती वापरून बघा. गेम पुण्यातल्या छोट्याशा टीमने बनवलाय, २०१७ ची किकस्टार्टरवरची लोकांकडून पैसे जमवायची मोहीम फसली तरी सोडला नाही आणि २०२० मध्ये आणला, याचं मला खरंच फार कौतुक आहे.

अजून एक, मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलीय त्यावर इथे कोणीच बोललं नाही. आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, पडद्यामागे दिवा लावून रामायण. मी तो लहानपणी बघितलाय, त्यामुळे गेममध्ये तसा पडदा उजळला तेव्हा कंट्रोलर खाली ठेवून नुसती बघत बसले. ते सीन प्लीज स्किप करू नका.