ओला, सुका आणि आपण : घरचा कचरा वेगळा करतानाचे अनुभव

आमच्याकडे पुण्यात 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या मावशी रोज सकाळी दाराशी येतात. ओला-सुका असे दोन डबे मी कित्येक वर्षं ठेवतेय, त्यामुळे आपलं काही चुकत असेल असं कधी वाटलंच नाही. मागच्या पावसाळ्यात खाली उतरले, तर मावशी जिन्याखाली बसून आमच्या मजल्याचा सुका कचरा पुन्हा निवडत होत्या. दुधाच्या पिशव्यांतून आंबट पाणी गळत होतं आणि त्यात सगळी रद्दी भिजली होती. "वहिनी, ओल्या रद्दीला भंगारवाला भाव देत नाही," एवढंच म्हणाल्या. घराघरांतून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या मालाचे पैसे, एवढीच त्यांची कमाई. मी न विसळलेली पिशवी त्यांच्या पदरातून जात होती.

आता पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडत नाही, लटकता ठेवते. सुटा तुकडा इतका लहान की तो निवडणाऱ्याच्या हाती लागतच नाही. रिकामी पिशवी विसळून ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवते, संध्याकाळपर्यंत कोरडी होते.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? काय चुकलं, काय जमलं, सगळं लिहा.

कोथरूडहून
बाबा दीड वर्ष अंथरुणावर होते. रोजचे डायपर मी काळ्या पिशवीत घालून सुक्या कचऱ्यातच टाकायचो. काळ्या पिशवीत काय आहे हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे ती हाताने उघडावी लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मावशींनी एकदा संकोचत सांगितलं. तेव्हापासून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका काढायला लागलो, आणि पुडकं वेगळं हातात द्यायचो. इन्सुलिनच्या सुयांचं तर जास्तच लागलं मनाला. त्यांच्याबरोबरच्या एका बाईंच्या बोटात सुई घुसली होती. ती आमच्या घरातली नव्हती, पण असू शकली असती. मग जाड प्लास्टिकच्या बरणीत सुया साठवून, झाकण घट्ट लावून, बरणी भरली की आमच्या डॉक्टरांकडे नेऊन द्यायचो. घरात आजारी माणूस असेल त्यांनी हे पहिल्या दिवसापासून करा.

जर्मनीहून
इथे वेष्टनं पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, कागद निळ्यात, जैविक कचरा बहुतेक ठिकाणी तपकिरी डब्यात. दह्याचा डबा धुवायची गरज नाही, चमच्याने निपटला की पुरे. पण वरचं अॅल्युमिनियमचं झाकण पूर्ण सुटं करायचं, नाहीतर यंत्राला दोन्ही पदार्थ वेगळे करता येत नाहीत. काचेसाठी चौकात पांढरी, हिरवी, तपकिरी अशी पिंपं असतात. निळी बाटली हिरव्यात जाते. फुटलेला पाण्याचा पेला मात्र काचेच्या पिंपात चालत नाही, कारण ती काच वेगळ्या तापमानाला वितळते. रविवारी बाटल्या टाकायला गेले तेव्हा शेजारच्या आजींनी खिडकीतून हटकलं, आवाज होतो म्हणून! पेयांच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, त्यामुळे त्या डब्यात न जाता दुकानात परत जातात. ही सोय भारतात सगळीकडे यावी असं फार वाटतं.

इंग्लंडहून
थोडंच लिहितो. जेवणाचे काळे ट्रे मी वर्षभर धुऊन टाकत होतो. काजळीच्या रंगाचं काळं प्लास्टिक निवडणाऱ्या यंत्राच्या अवरक्त किरणांना दिसतच नाही, हे नंतर कळलं. आता ते ट्रे घेतच नाही.

गोव्याहून
आमच्या वाड्यावर सुका कचरा रोज नेत नाहीत, त्यामुळे पावसात पुठ्ठे सांभाळणं हेच मोठं काम. आई खोके उलगडून, सपाट करून पोटमाळ्यावर ठेवते. ओलं सगळं माडांच्या मुळाशी जातं.

पुन्हा मी
डायपरचं वाचून आमच्या सोसायटीच्या फलकावर आजच सूचना लावली. काळ्या पिशव्या बंद, हेही लिहिलं. आता एक विचारायचंय: वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत, आतून चंदेरी पाकिटांचं काय करता? त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, मावशींना त्यांचा काहीच भाव मिळत नाही. मुलांच्या डब्यातून माझ्याकडे आठवड्याला पिशवीभर जमतात. तुमच्या गावात कोणी ती घेत असेल, तर नक्की कळवा.