पाल्मिराच्या थडग्यांतले चेहरे सगळे सारखेच का?

फिरस्ती: मागच्या आठवड्यात कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक म्युझियममध्ये गेलेले. सिरियातल्या पाल्मिराच्या थडग्यांतले दगडी अर्धपुतळे रांगेने लावलेत, रोमन काळातले. पहिले पाचसहा भारी वाटले, मग लक्षात आलं की डोळे सगळ्यांचे तेच, मोठ्ठे, बुबुळाला गोल रेघा, नजर सरळ आपल्यावर. माणूस खरंच असा दिसायचा की कारागीर एकच साचा चालवायचे?

दगडोबा: बराचसा साचाच. थडग्यात भिंतीला कप्पे असायचे एकावर एक, प्रेत आत सरकवलं की कप्प्याचं तोंड चुनखडीच्या फरशीने बंद, त्या फरशीवर हा पुतळा. बाई असेल तर डोक्यावरचा पदर हाताने धरलेला, जुन्या पुतळ्यांत हातात टकळी, पुढे टकळी जाते आणि दागिने वाढत जातात. पुरोहिताला डब्यासारखी उंच टोपी. माणूस कोण ते शेजारच्या अरामी, म्हणजे पाल्मिराच्या भाषेतल्या, अक्षरांवरून कळायचं, अमका, अमक्याचा मुलगा, आणि शेवटी ‘हबल’, म्हणजे हाय रे. बाकी ‘पाल्मिराची सुंदरी’ म्हणतात तो पुतळा ग्लिप्टोटेकमध्येच आहे ना, तिच्यावर रंगाचे अंश सापडलेत, तेव्हा हे कोरे दगड नव्हते, रंग गेल्यामुळेपण आपल्याला जास्त सारखे वाटत असणार.

जुनीवही: चेहऱ्याचं म्हणताय तर रेजिनाच्या थडग्याचा दगड बघा. पाल्मिराचा बराटेस नावाचा माणूस पार ब्रिटनमध्ये, हेड्रियनच्या भिंतीच्या, म्हणजे रोमनांच्या सरहद्दीच्या भिंतीच्या, पूर्व टोकाजवळ पोचला, ब्रिटनमधलीच एक गुलाम मुलगी मुक्त केली आणि तिच्याशी लग्न केलं. ती ३० वर्षांची असताना गेली. दगडात ती वेताच्या खुर्चीत बसलीय, मांडीवर टकळी, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली, एक हात दागिन्यांच्या पेटीवर. तिच्याखाली लॅटिन लेख, त्यात विभक्त्या चुकल्यात, आणि त्याच्याही खाली एकच ओळ अरामीत, ती मात्र सफाईदार: बराटेसने मुक्त केलेली रेजिना, हाय रे. मला ती लॅटिनपेक्षा जास्त लागते, तिथे ती वाचणारे असून असून किती असणार!

फिरस्ती: आणि तिचा चेहरा? तोपण तसाच मोठ्या डोळ्यांचा?

जुनीवही: चेहरा फुटलाय हो, काहीच उरलं नाही. बाकी पेटीच्या कुलपापर्यंत सगळं शाबूत.

फिरस्ती: अरे देवा. कुठे बघायला मिळेल?

दगडोबा: इंग्लंडमध्ये साउथ शील्ड्सला, अर्बेया या रोमन किल्ल्याच्या म्युझियममध्ये. १८७८ मध्ये त्याच गावात सापडला. पाल्मिरात जाऊन बघायचं म्हणाल तर एलाहबेलचा थडग्यांचा मनोरा २०१५ मध्ये आयसिसने उडवला, तो गेलाच.